शून्य दोन

कुटुंब ही समाजाची अभेद्य वीट असते, आणि हिवराळे कुटुंबातून तीन पिढ्यांत एकही माणूस वेगळा निघालेला नव्हता. माइक हातात आला की भाऊराव हे सांगत. मग तो लग्नातला असो, नामकरणातला असो की कोणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनातला. त्यात अतिशयोक्ती अजिबात नव्हती. वेगळं निघायला दुसरं घर लागतं आणि ते हिवराळ्यांपैकी कोणाकडेच कधी नव्हतं, एवढा एक तपशील ते गाळत.

त्या रविवारी सकाळी ते नाहूरच्या मैत्री सोसायटीच्या आवारात पांढराशुभ्र सदरा घालून उभे होते. नातसून शीतल नवी गाडी घेऊन शोरूममधून निघाल्याचा फोन आला होता. घरात एक गाडी आधीपासून होतीच, नातू सम्यकची. पण ती सम्यकची होती. ही शीतलची. "हिवराळ्यांच्या घरात बाईच्या नावावर आलेलं हे पहिलं वाहन," हे वाक्य भाऊरावांनी वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या शहांना आणि फोनवरून अख्ख्या बुलढाणा जिल्ह्याला ऐकवलं होतं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या सोनूबाईंनीही ते पुन्हा एकदा ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची म्हणावी अशी एकच वस्तू होती, शिलाई मशीन, आणि तिची पावती भाऊरावांच्या नावाची होती.

गाडी आत आली. निळी, छोटी, बॉनेटवर शोरूमनं चिकटवलेली रिबीन. शहांच्या सूनबाई हौसेनं लिंबू-मिरची घेऊन आल्या.

"राहू द्या," भाऊराव म्हणाले. "लिंबू आम्ही मटणावर पिळतो."

त्रिसरण झालं, पंचशील झालं, गाडीला हार घातला गेला. सम्यकनं बायकोचे फोटो काढले, त्यातल्या दोनात तिचे डोळे मिटलेले होते आणि एकात त्याचं बोट. भाऊराव फोटोसाठी गाडीच्या पुढ्यात आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

त्यांनी नोकरी टेलिफोन खात्यात केली होती. नंबराच्या पहिल्या आकड्यांवरून माणूस कुठला ते कळायचं, त्या काळात. छप्पन्न म्हटलं की मुलुंड, त्र्याऐंशी म्हटलं की अंधेरी. नाव विचारायचीही गरज नसे. मोबाईल आले, माणसं कुठूनही बोलू लागली आणि तेव्हापासून जग खोटं बोलू लागलं, असं त्यांचं ठाम मत होतं. आता त्यांचा विश्वास फक्त गाडीच्या नंबरप्लेटवर उरला होता.

"शून्य दोन," ते म्हणाले.

"काय झालं, दादा?" त्यांचा मुलगा चंद्रप्रकाश पुढे आला.

"सम्यकची गाडी शून्य तीन. अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्या शून्य तीन, ठाण्याहून राहायला आले त्यांच्या शून्य चार. ही शून्य दोन. म्हणजे अंधेरी."

"शोरूम अंधेरीचं असेल."

"शोरूमचा पत्ता चालत नाही. मालकाचा लागतो. राहता."

चंद्रप्रकाश बँकेत अधिकारी होते. 'पत्त्याचा पुरावा' हे शब्द ऐकले की त्यांचा चेहरा आपोआप गंभीर होई. त्यांनी सुनेचं माहेर आठवून पाहिलं: घाटकोपर. तेही शून्य तीनच.

शीतलनं दोघांना प्लेटसमोर वाकलेलं पाहिलं. "वर जाऊया ना," ती घाईनं म्हणाली. "आजोबांना ऊन लागतंय."

आभाळ भरून आलेलं होतं.

*

सपनाला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. कळवायला नवरा स्वतः स्वयंपाकघरात आला, यावरूनच तिला प्रकरणाचं वजन लक्षात आलं. चंद्रप्रकाश एरवी तिथं पाणी मागायलासुद्धा दारातूनच येत.

"अंधेरी," ते म्हणाले.

"मग? ऑफिस आहे तिचं तिकडे."

"ऑफिसात माणूस राहत नाही."

सपनानं भाकरी तव्यावर टाकली. तिला मागच्या महिन्यातलं आठवलं. शीतल फोनवर कोणाला तरी हळू आवाजात म्हणत होती, 'नाही, तिकडचाच पत्ता टाका.' तेव्हा वाटलं होतं, ऑनलाइन चपला मागवत असेल.

इतक्यात विकी आला. विकी म्हणजे सपनाच्या भावाचा मुलगा, आणि हिवराळ्यांच्या एकूणएक विम्यांचा एजंट. कोणाच्याही घरी तो पोटभर जेवायचा आणि जेवता जेवता त्या घरातल्यांच्या मरणाविषयी मनमोकळं बोलायचा. आज मात्र त्यानं भाजीच्या पातेल्याचं झाकणही उचलून पाहिलं नाही.

"आत्या, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

"काय झालं रे?"

"वहिनींच्या गाडीचा इन्शुरन्स. मी कोटेशन काढून बसलो होतो. फोन केला तर म्हणाल्या, झाला. कोणी केला म्हटलं, तर म्हणाल्या, आपोआप झाला." विकीचा आवाज जड झाला. "आत्या, या देशात विमा आपोआप होत नाही. माणूस आपोआप जातो, विमा नाही."

सपनानं गॅस बारीक केला. "नंबरावरून मालक कळतो का रे?"

कळत होता. सरकारच्या ॲपवर नंबर टाकला की गाडीची सगळी कुंडली निघते. फक्त मालकाची अब्रू राहावी म्हणून नावाची पहिली अक्षरं ठेवून बाकीच्यांवर चांदण्या घातलेल्या असतात. विकीनं नंबर टाकला. तिघंही वाकले.

"एस," विकी म्हणाला. "बरोबर आहे. शीतल."

"एसनं तर मीपण आहे," सपना म्हणाली. "सम्यक आहे. सासूबाईपण एसच."

"पण पुढचा शब्द बघ ना, आत्या. एच नाहीये. एम आहे."

हिवराळे एचनं सुरू होतं. शीतल माहेरची मेश्राम होती. स्वयंपाकघरात काही वेळ फक्त भाकरी बोलली, ती करपली.

"माहेरचं नाव," चंद्रप्रकाश म्हणाले. "वेगळा पत्ता. वेगळा विमा." बँकेत ते कर्जदाराच्या फायलीवर असेच तीन शेरे मारत आणि चौथा वकिलाला मारायला ठेवत.

*

जेवायला सगळे बसले. मटण झकास झालं होतं, हे कोणीही म्हणालं नाही.

"मी काय म्हणतो," चंद्रप्रकाशांनी सुरुवात केली, "नवरा-बायकोच्या दोन गाड्या असताना त्या दोघांच्या जॉइंट नावावर का असू नयेत? ईदर ऑर सर्व्हायव्हर."

"काका, गाडी म्हणजे खातं नाही," विकी म्हणाला. "आरटीओत एकच नाव लागतं."

"सर्व्हायव्हरचं काय मग?"

"सर्व्हायव्हर त्याच्या त्याच्या गाडीत असतो."

सम्यकनं मान वर केली. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, पण मुंबईच्या घरांत भिंती फक्त नावाला असतात. "पप्पा, तुम्हाला काय विचारायचंय ते सरळ विचारा ना."

"मला काही विचारायचं नाही. मी पॉलिसीबद्दल बोलतोय."

"जेवा," भाऊराव म्हणाले, आणि स्वतः जेवले नाहीत.

शीतल खाली मान घालून रस्सा भुरकत होती. ही माणसं आपल्या ताटाकडे नाही, आपल्याकडे बघतायत हे तिला कळत होतं. ती एकदा बोलायला गेली. "आजोबा, त्या गाडीचं ना..."

"त्या गाडीचं मी गावी सांगितलंय," भाऊराव म्हणाले. "विहारात फोटो लावणार आहेत. पहिली बाई म्हणून."

शीतलनं पुढचा घास तोंडात घातला. गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. ती सांगायला तोंड उघडायची, आणि तोवर आजोबांनी आणखी कोणाला तरी सांगितलेलं असायचं.

*

भांडी आवरताना सपनानं स्वयंपाकघराचं दार लोटलं. हे दार लग्नानंतर पहिल्यांदाच लोटलं जात होतं. त्याच्यामागं लटकवलेल्या पिशव्यांचा ढीग खाली आला.

"खरं सांग, शीतल. रागावणार नाही."

"आई, तुम्हाला वाटतंय तसं..."

"मला काय वाटतंय ते तुला कुठून कळणार? मला इथं येऊन एकतीस वर्षं झाली, मला अजून काय वाटतं ते कोणाला कळलेलं नाही." सपनानं आवाज उतरवला. "किती खोल्या आहेत?"

"कशात?"

"अंधेरीला."

शीतलच्या हातातला पेला ओट्यावर टेकला.

"वन बीएचके असेल तरी चालेल गं. हॉलमध्ये सोफा-कम-बेड टाकायचा. मी काही रोज येणार नाही. माझ्या शाळेला सुट्टी लागली की, फार तर शनिवार-रविवार. तिथं कोणी मला चहा मागायचा नाही, एवढीच अट. आणि ह्यांना पत्ता द्यायचा नाही."

सासूच्या तोंडून एवढी वाक्यं सलग शीतलनं प्रथमच ऐकली. सपनाच्या डोळ्यांत संशय होता, पण तो आता वेगळाच होता: ही मला नेईल की नाही, असा.

"आई, खरंच फ्लॅट नाहीये."

"बरोबर. कोणी विचारलं तर असंच म्हणायचं," सपना म्हणाली आणि तिच्या हातावर थोपटून पिशव्या उचलू लागली.

बेसिनपाशी चंद्रप्रकाश हात पुसत रेंगाळले होते. शीतल बाहेर येताच त्यांनी टॉवेलकडे पाहत विचारलं, "मेट्रोपासून चालत किती आहे?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढं म्हणाले, "रिटायरमेंटनंतर माणसाला एक टेबल लागतं. खिडकीपाशी. हिला सांगू नकोस."

*

सम्यक खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता. त्याचं आणि शीतलचं मागच्या वर्षी फ्रिजवरून बिनसलं होतं. तेव्हापासून एक करार होता: ज्याची वस्तू त्यानं घ्यावी, त्यानंच निस्तरावी, दुसऱ्यानं प्रश्न विचारू नयेत. त्या करारामुळं घरात शांतता होती. ती आता त्याला फार महाग वाटत होती.

"कोणाचं घर आहे अंधेरीत?"

"कोणाचं नाही."

"मेश्राम नावानं गाडी घेतलीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"मेश्राम नावानं घेतलेली नाही."

"मग एम काय आहे? सांग ना. मोटार?"

शीतल त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि कोणतं आधी येईल याची तिला खात्री नव्हती. "सम्यक, समज मी चाललेय. समज हां. तू काय करशील?"

खालून कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत असल्याची पिपाणी ऐकू आली.

"मी काय करणार? मला माझे मोजे कुठं असतात तेपण माहीत नाही. मी पण येणार."

"आजोबांना सोडून?"

"दर रविवारी येऊ ना. मटण खायला." मग हळूच म्हणाला, "मी बोललो असतो गं आधीच. मला वाटलं, तुलाच इथं आवडतं. तू आजोबांशी एवढं गप्पा मारतेस."

दोन वर्षं शीतल नेमकं हेच ऐकायची वाट पाहत होती. रोज पवईच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकून ती हे वाक्य त्याच्या तोंडी घालून पाहायची. आता ते आलं होतं, आणि आलं होतं एका अशा फ्लॅटमुळे की जो नव्हता. खरं सांगितलं तर फ्लॅटसोबत हेही जाईल का, हे तिला ठरवता येईना. म्हणून तिनं काहीच सांगितलं नाही. सम्यकनं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि गुपचूप फोनवर अंधेरीतल्या शाळा बघायला लागला. त्यांना मूल नव्हतं.

*

चहाच्या वेळी भाऊरावांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. विकीही थांबला, विम्याच्या माणसाला शेवट पाहिल्याशिवाय जाता येत नाही.

भाऊराव शोकेसपाशी उभे होते. आतली पितळेची छोटी बुद्धमूर्ती त्यांनी बाहेर काढली होती. त्यांच्या वडिलांनी ती नागपूरहून दीक्षा घेऊन येताना धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. घरात सर्वांत आधी आलेली वस्तू तीच. नाहूरचं घर, टीव्ही, सून, नातू हे सगळं नंतर.

"पोरी, इकडं ये."

शीतल पुढं झाली.

"नंबर खोटं बोलत नाही. मी चाळीस वर्षं नंबर जोडले. तू चाललीस, ठीक आहे. फक्त चोरून जायचं नाही." त्यांनी मूर्ती पुसली, ती आधीच पुसलेली होती. "मी सगळीकडं सांगत फिरतो, आमच्यातून कोणी वेगळं निघालं नाही. कसं निघणार? जायला जागा होती का कोणाला? माझ्या बापाला नव्हती. मला नव्हती. ह्याला पण नाही मिळाली." चंद्रप्रकाश टॉवेल नसताना हात पुसू लागले. "तू मिळवलीस. तुझ्या नावावर. नव्या घरात ही पहिली ठेव. मग गॅस, मग बाकीचं."

त्यांनी मूर्ती तिच्या हातात दिली. ती दिसायची त्यापेक्षा जड होती.

सोनूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "काहून रडून रायली वं? जाय बिनधास्त. मले बी घेऊन जाजो कधी. मी काई जास्त जेवत नाही."

शीतलला ते सहन झालं नाही. तिनं मूर्ती दोन्ही हातांनी शोकेसवर परत ठेवली.

"आजोबा, घर नाहीये. कुठंच. गाडी कंपनीतून घेतलीये."

"कंपनीतून म्हणजे?"

"लीजवर. ऑफिसची स्कीम असते. भाडं पगारातून कापतात, टॅक्स वाचतो. गाडी लीजिंग कंपनीच्या नावावर असते, पत्ता आमच्या ऑफिसच्या बाजूचा, एमआयडीसीतला. विमापण तेच काढतात. मी फक्त चालवते." ती थांबली. "सुगम मोबिलिटी. एस आणि एम."

विकीनं फोन काढला, नंबर पुन्हा टाकला, चांदण्या मोजल्या आणि मान डोलावली. "बरोबर बसतंय."

"सांगायला आलेले मी," शीतल म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही गावाला फोन केलात. मग विहारात. मग शहांना. माझ्या नावावर नाही हे कसं सांगू तेच कळेना."

एखाद्या घरावरचं संकट टळलं की त्या घरात हायसं वाटतं, असा समज आहे. हिवराळ्यांच्या हॉलमध्ये तसं काही झालं नाही. सपनानं सोफ्याच्या हाताला धरून विचारलं, "म्हणजे घर नाहीच?"

"नाही, आई."

"एक खोलीसुद्धा?"

"नाही."

सपना उठून स्वयंपाकघरात गेली. या वेळी तिनं दार लोटलं नाही. चंद्रप्रकाश तिच्याकडे, मग खिडकीकडे, मग आपल्या बापाकडे पाहत राहिले. सम्यकनं फोनचा पडदा हळूच बंद केला. शीतल त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होती.

"शोधू ना," तो तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. "भाड्यानं. अंधेरीतच कशाला, मरोळला स्वस्त मिळेल."

"काय शोधायचंय?" सपना आतून म्हणाली.

चहाचे कप आणताना सपनानं पहिला कप सम्यकला दिला.

भाऊरावांना हे ऐकू आलं नव्हतं, किंवा त्यांनी ऐकलं नव्हतं. ते शोकेसची काच सरकवत होते. बुलढाण्याला पुन्हा फोन कसा करायचा, याचा ते विचार करत असावेत. बऱ्याच वेळानं ते वळले आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "असू दे. भाड्याची तर भाड्याची. दोघांची मिळून एक तरी गाडी हक्काची आहे. सम्यकची."

विकीनं कप खाली ठेवला.

"ती नाही, आजोबा."

"काय नाही?"

"ती काकांच्या नावावर आहे. घेताना बँकेचं स्टाफ लोन होतं ना, व्याज कमी म्हणून काकांनी स्वतःच्या नावावर घेतली. लोन फिटलं. आरसी बदलायची राहिली. मी दरवर्षी विमा काकांच्याच नावानं काढतो, सही पण तेच करतात."

सगळ्यांनी चंद्रप्रकाशांकडं पाहिलं. चंद्रप्रकाशांनी चष्मा काढला, काचेवर फुंकर मारली आणि ते खरं असल्याचं सांगितलं.